कोपऱ्यातली वीतभर जागा

"आबा कुठायत?"

हे दोन शब्द ऐकले की आजही माझं डोकं सटकतं. बारामतीच्या एसटी स्टँडच्या मागं आमचं पेंटिंगचं दुकान होतं, दहा बाय आठचं. मी दुकानात उभी असायचे. ओढणी कमरेला खोचलेली, हातात ब्रश, बोटांना ऑइल पेंट, समोर निम्मी लिहून झालेली पाटी. आणि गिऱ्हाईक दारात येऊन माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, आबा कुठायत? जसं काही मी तिथं झाडू मारायला आले होते. "काय काम आहे?" म्हणून विचारलं तर म्हणायचं, "न्हाय, आबांनाच सांगतो." मग सांग बाबा. बस त्या बाकड्यावर आणि सांग आबांना. आबा ऐकून घेणार, मान हलवणार, आणि तू पाठ फिरवलीस की ते काम मीच करणार. दुसरं होतं कोण करायला?

आबा म्हणजे माझे वडील. अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. डेपोत तीस वर्षं त्यांनी पेंटरचं काम केलं. एसटीच्या कपाळावर गावाच्या नावाची पत्र्याची पाटी लागते ना, ती लिहायचं काम. बारामती, इंदापूर, भिगवण, फलटण. आबांचं अक्षर असं की चष्मा घरी विसरलेला म्हातारासुद्धा धूळ उडवत येणाऱ्या गाडीचं नाव लांबून वाचायचा. आमचे आजोबा अंगठा लावायचे. घरात लिहायला शिकलेले आबा पहिले. आमच्या वस्तीतल्या विहारावरची पाटी आबांनी लिहिली, समाजमंदिराची लिहिली, कुणाच्या पोराला नोकरी लागली की दारावरची नावाची पाटी आबाच लिहून द्यायचे. त्या अक्षराचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

निवृत्त झाले आणि हे दुकान टाकलं. मी तेव्हा ड्रॉइंगचा डिप्लोमा करून घरीच बसले होते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर दुकानात जायला लागले. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग ब्रशचं टोक भिंतीला टेकायच्या आधीच हलायचं. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वयानं होतं. पण आमच्याकडं माणसाचा हात थरथरला की लोक एकच म्हणतात, घ्यायला लागलाय. आबांनी आयुष्यात थेंबसुद्धा घेतला नाही. दारू पिणाऱ्याच्या सावलीला उभे राहायचे नाहीत. त्यांनी मला एक दिवस दुकानाचं शटर निम्मं ओढून सांगितलं, "पोरी, हे कुणाला कळता कामा नये. अक्षर तू काढ. मी बसतो म्होरं."

मी काढलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट मोठं काहीतरी करतोय असं वाटलं. पाटी मी लिहायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फुलं मी काढायची, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटर म्हणून आबांचं नाव. तेही मीच लिहायचे. माझ्या हातानं, त्यांच्या वळणात, त्यांचं नाव. सलग चार वर्षं. आज आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

तर त्या दुकानाबाहेर एक फळा होता. फळा कसला, डेपोतनं मोडीत निघालेली एसटीची पाटी. आबांनी ती मागून आणली होती. मी तिला काळा रंग दिला आणि दाराशेजारी खिळ्याला टांगली. रोज सकाळी त्यावर खडूनं लिहायचे, आज आम्ही कुठं आणि काय चाललंय. सुरुवात केली ती गिऱ्हाईक हेलपाटा मारून शिव्या घालत परत जाऊ नये म्हणून. "आज: कन्हेरी, दूध डेअरीची पाटी. तीनला परत." एवढंच. पण मला गप्प बसवत नाही. मी पुढं जास्तच लिहायला लागले. "आज: कऱ्हाटी, बालवाडीसाठी पत्र्याची बाराखडी. ज्ञ जमत नाहीये." "आज: दुकानातच. डाळिंबाच्या पेटीवर मारायचा छाप तयार केला. डाळिंब वांग्यासारखं दिसतंय, उद्या परत." समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेली माणसं सकाळचा पेपर वाचून झाला की आमची पाटी वाचायची. चहावाला मला ओरडून विचारायचा, "काय ओ, डाळिंब पिकलं का न्हाय?" सगळी बारामती हसायची.

आणि हे सगळं माझं होतं. बालवाडीची बाराखडी माझी, पेटीचा छाप माझा, आणि रुखवत तर माझंच माझं. लग्नात नवरीकडचे रुखवत मांडतात, त्यातल्या वस्तू बनवायला घरोघरी बायकांचे डोळे फुटतात आणि लग्न झालं की ते सगळं माळ्यावर धूळ खातं. मी थर्माकोल, काड्या आणि रंग घेऊन असं एक रुखवत बनवलं की ते भाड्यानं द्यायचं. विहीर, मोट, बैलगाडी, छोटं घर, घरात झोपाळा. बोधिवृक्षाचा एक वेगळा जोड केला, आमच्यातल्या लग्नांसाठी. पंचक्रोशीतल्या लग्नांना मी ती खोकी मोपेडला बांधून फिरायचे. नुसतं वैताग आणणारं काम, पण मजा यायची.

आणि टपरीवरची माणसं ते वाचून काय म्हणायची? "आबांचं डोकं लई चालतंय बघा. ह्या वयात रुखवत!" डोंबल! आबांना रुखवतातली विहीर आणि हौद यातला फरक सांगता आला नसता. मी एकदा दारातनं ओरडून सांगितलं, "ते मी बनवलंय." तर एक जण म्हणाला, "व्हय, व्हय, पोरीचा बी हातभार असंल की." हातभार! आणि बाकड्यावर बसलेले आबा काय करत होते? पान लावत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री जेवताना मी ताटावरनं उठले. आई म्हणाली, "कशाला येवढं मनाला लावून घेतीस? घरातलंच नाव हाय ना?" मी म्हणाले, "घरातलं असू दे. माझं न्हाय."

मग इंदापूरच्या एका शाळेचं काम आलं. नवीन इमारत झाली होती, आणि रस्त्याच्या बाजूची कंपाउंडची लांबलचक भिंत रंगवायची होती. हेडमास्तरांना नेहमीचंच पाहिजे होतं. झाडे लावा, पाणी वाचवा, दोन पोरं पाठीवर दप्तर घेऊन हसतायत. मी एका रात्रीत कागद चिकटवून सात हात लांब चित्र काढलं. डावीकडं कऱ्हेचं कोरडं पात्र, त्यात शेरडं. मग नीरा, कालवा, ऊस, उसाच्या फडात तोडणीवाल्यांची कोपी. मग भीमा आणि शेवटी धरणाच्या पाण्यात उभे असलेले ते गुलाबी पायांचे उंच पक्षी, रोहित, जे थंडीत इंदापूरच्या बाजूला येतात आणि पोरं एसटीच्या खिडकीतनं बघतात. पोरांना त्यांचंच पाणी दिसलं पाहिजे, असं माझं म्हणणं. हेडमास्तरांनी कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग म्हणाले, "आबा, हे काहीतरी वेगळंच आहे." आबा म्हणाले, "व्हय, जरा इचार करून केलंय."

जरा इचार करून केलंय! कुणी केलंय?

परतीच्या गाडीत मी त्यांना सरळ सांगितलं. गाडी अंथुर्ण्याच्या फाट्यावर थांबली होती, शेंगा विकणारी बाई खिडकीशी आली होती, आणि मी तिच्यासमोरच बोलले. "आबा, ही भिंत मी करणार. पण खाली नाव माझं. तुमचं मी लिवणार न्हाय. कबूल असंल तर काम घ्या, न्हायतर उद्या मी हेडमास्तरांना न्हाय म्हणून सांगते." आबांनी शेंगांच्या टोपलीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. तुझं घाल." शेंगावाल्या बाईनं माझ्या हातात पुडा ठेवला आणि म्हणाली, "घ्या की ताई, गरम हायत." मी घेतला, आणि बारामती येईपर्यंत आम्ही दोघं त्या शेंगा खात आलो. इतका आनंद मला डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता.

दोन महिने मी बारामती-इंदापूर, इंदापूर-बारामती केलं. सकाळी पाटीवर लिहायचं, "आज: इंदापूर, भिंत. नीरेत पाणी सोडलं." "आज: इंदापूर. शेरडांना शिंगं राहिलीत." आणि पहिली गाडी पकडायची. आबा बरोबर यायचे. भिंतीसमोर लिंबाखाली शाळेची खुर्ची टाकून बसायचे. मी दोरीला निळीची पूड लावून भिंतीवर रेघा मारायचे, चौकोन पाडायचे, शिडीवर चढायचे, उन्हात टर्पेंटाइनच्या वासानं डोकं उठायचं. आणि जाणारी-येणारी माणसं लिंबाखाली थांबून म्हणायची, "आबा, काय हात हाय तुमचा!" चहा यायचा तो आबांना. मला शिडीवर कुणी पाणी विचारलं नाही. एकदा तर कुणी पाहुणा आला, त्यानं मला वर शिडीवर बघितलं आणि आबांना म्हणाला, "पोरगी रंग भरायला बरी हाय तुमची. चित्र तुमी काढून देता, मग काय अवघड हाय?" माझ्या हातातला डबा त्याच्या डोक्यावर उपडा करायचा राहिला एवढंच. आबा हसले. नुसते हसले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेच मला जास्त झोंबलं.

पण मी गप्प बसले, कारण कोपऱ्यातली ती वीतभर जागा मला दिसत होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे, आणि ती मला आबांनीच शिकवली. पेंटरनं नाव शेवटी घालायचं. गिऱ्हाइकानं काम बघितलं, मान हलवली, "झालं" म्हणालं, की मगच. त्याच्या आधी नाव घालणं म्हणजे जेवायच्या आधी ढेकर देणं, असं आबा म्हणायचे. म्हणून मी भिंतीच्या उजव्या टोकाला, पक्ष्यांच्या पायाखाली, वीतभर जागा मोकळी ठेवली होती. निळ्या पाण्यात पांढरा चौकोन. रोज काम संपवताना मी तिकडं बघायचे. मनातल्या मनात तिथं नाव किती वेळा लिहिलं असेल! कधी जाड, कधी बारीक, कधी शिरोरेघ लांब ओढून.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलं. चोवीसला भिंत पूर्ण झाली. हेडमास्तर म्हणाले, "उद्घाटनाच्या दिवशी सगळे बघतील, तेव्हाच पसंतीचं बोलू." म्हणजे नाव सव्वीसला सकाळी, झेंडावंदन झाल्यावर. हरकत नव्हती. दोन महिने थांबले, दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं मला वाटलं.

पंचवीसला अंथुर्ण्यात एका लग्नाचं रुखवत मांडायचं होतं. मी पाटीवर लिहिलं, "आज: अंथुर्णे, रुखवत. सहाला परत. उद्या: इंदापूर, नाव." हो, असंच लिहिलं. "उद्या: इंदापूर, नाव." टपरीवर कुणाला काय कळलं असेल माहीत नाही, मला लिहिताना फार बरं वाटलं. मी कुठं आहे, किती वाजता येणार, सगळं मी माझ्या हातानं लिहून ठेवलं आणि निघून गेले. आबांना ते वाचून कळलं की मी सहापर्यंत येत नाही. मी सहाला आले तेव्हा आबा घरी होते, खाटेवर आडवे. आई म्हणाली, "दुपारभर कुठं गेलते कुणास ठाऊक." मला काही वाटलं नाही. अंथुर्ण्यात नवरीच्या मावशीनं माझं रुखवत बघून माझा हात हातात घेतला होता, त्यातच मी होते.

सव्वीसला सकाळी आम्ही तिघंही इंदापूरला गेलो. आईनं इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, आबांना शाल आणि नारळ दिला. मी मनात म्हणाले, असू दे, नारळ कुणालाही द्या. मग सगळे भिंतीकडं निघाले. पोरं पुढं पळाली, शेरडांना हात लावायला लागली, पक्षी मोजायला लागली. हेडमास्तर पाहुण्यांना एक-एक दाखवत उजवीकडं आले. आणि थांबले.

पक्ष्यांच्या पायाखाली, माझ्या वीतभर जागेत, आबांचं नाव होतं.

आणि कसं? वेडंवाकडं. शिरोरेघ लाटेसारखी. काना एका बाजूला पडलेला. एका अक्षराचा रंग ओघळून खाली आलेला आणि बोटानं पुसायचा प्रयत्न केलेला. पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावं तसं. एवढी मोठी भिंत, एकही रेघ हललेली नाही, आणि कोपऱ्यात हे.

एक पाहुणा हसला. म्हणाला, "आबा, आख्खी भिंत सरळ आन् नावच वाकडं?" पोरं हसली. हेडमास्तर ओशाळले. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "कुणीतरी पोरानं गंमत केलेली दिसते. ताई, तुम्ही जरा आबांचं नाव नीट करून द्या ना. रंग आहे ना तुमच्याकडे?"

रंग होता. पिशवीत होता. ब्रश होता, टर्पेंटाइन होतं, माझं नाव लिहायला सगळं आणलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आबांकडं बघितलं. ते खांद्यावरची शाल धरून उभे होते आणि उजवा हात शालीच्या आत लपवला होता. एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर आलं, हा माणूस काल दुपारी एकटा गाडीत बसून आला, इथं उकिडवा बसला, आणि हे लिहिलं. त्यानंच शिकवलेली रीत मोडून. मला दिलेला शब्द मोडून. चार वर्षांत स्वतःच्या हातानं लिहिलेलं पहिलं अक्षर, आणि तेही माझ्या जागेत.

मी म्हणाले, "न्हाय. ते नीट करायचं न्हाय."

"का हो?"

"कारण ते आबांनी स्वतः लिवलंय." आणि मग थांबायला पाहिजे होतं, पण थांबले नाही. "ह्या भिंतीवर आबांनी तेवढंच लिवलंय."

  आईनं माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. आबांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला आणि फाटकातनं बाहेर पडून स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. कुणीतरी मागनं हळूच म्हणालं, "घेतात वाटतं." मी गर्रकन वळले आणि त्या माणसाच्या अंगावर धावून गेले. "थोबाड सांभाळ! नसांचं दुखणं हाय त्यांना! एक थेंब घेत न्हाईत!" चार वर्षं जे झाकलं ते मी अर्ध्या मिनिटात सगळ्या इंदापूरसमोर उघडं केलं.

गाडीत आबा पुढच्या सीटवर बसले, मी आणि आई मागं. आई रडत नव्हती, ती चिडली होती. "समाधान झालं?" म्हणाली. "तीस वर्सं दुसऱ्यांच्या गावांची नावं लिवली त्यांनी. स्वतःचं कुठं लिवलं? हात गेला. आता नाव बी गेलं तर त्या माणसाकडं ऱ्हायलं काय?"

"मग माझ्याकडं काय राहिलं ते विचार की एकदा," मी म्हणाले. "सगळे त्यांच्या हाताचं विचारतात. माझ्या हाताचं कोण विचारणार?"

आईनं तोंड खिडकीकडं केलं. अंथुर्ण्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तीच शेंगावाली बाई आली. कुणी शेंगा घेतल्या नाहीत. मी पुढच्या सीटवरच्या आबांच्या पाठीकडं बघत होते आणि मनात त्यांच्याशी भांडत होते. एकदा मागं वळून बघा. एकदा तरी म्हणा, चुकलं. ते वळले नाहीत. 

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघाले. ठरवलं होतं, शटर उघडायचं, माझे ब्रश, माझे छाप, रुखवताची खोकी उचलायची आणि घरी आणायची. खड्ड्यात गेलं ते दुकान. स्टँडमागच्या गल्लीत वळले तर टपरीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती आणि सगळी आमच्या दाराकडं बघत होती. आबा बाकड्यावर बसले होते. शटर उघडं होतं. पाटीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते माझं अक्षर नव्हतं.

शिरोरेघ लाटेसारखी. एक-एक अक्षर उंटासारखं वर-खाली. मला सबंध वाचायला वेळ लागला.

"आज: आबा दुकानात. पेंटर इंदापूरला. नाव घालायचं राहिलंय."

दिवसाढवळ्या, स्टँडजवळ, सगळ्या बारामतीसमोर. ज्या हातासाठी त्यांनी चार वर्षं शटर निम्मं ओढलं होतं त्या हातानं. त्यांच्या कुडत्याच्या बाहीला खडू लागला होता आणि पायाशी दोन-तीन तुटलेले खडू पडले होते. टपरीवरचा कोणी हसला नाही. चहावाला ग्लास धूत राहिला.

लोक म्हणतात, अशा वेळी राग वितळतो. माझा वितळला नाही. मला वाटलं, आता? काल का नाही? त्या पाहुण्यासमोर का नाही? तोंडानं दोन शब्द बोलायला काय झालं होतं? पाटीवर लिहायला हिंमत आहे, पोरीला सांगायला नाही! मी तणतणत आत गेले, पिशवी उचलली, निळा डबा, पांढरा डबा, बारीक ब्रश, टर्पेंटाइन. बाहेर येताना आबांसमोर क्षणभर थांबले. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "साडेनऊची गाडी हाय. मधल्या सीटला बस, मागं धक्के बसतात."

मी साडेनऊची गाडी पकडली. मागच्याच सीटवर बसले.

इंदापूरला शाळा सुरू होती, वर्गातनं पाढ्यांचा आवाज येत होता. मी भिंतीपाशी उकिडवी बसले. टर्पेंटाइनचं फडकं मारलं असतं तर आबांचं नाव मिनिटात गेलं असतं. फडकं ओलं केलं होतं. पण ते नाव इतकं कष्टानं काढलेलं दिसत होतं की हात पुढं जाईना, आणि हात पुढं जात नाही याचाही मला राग आला. शेवटी त्या नावाच्या खाली, निळ्या पाण्यात, पांढऱ्या रंगानं मी माझं नाव लिहिलं. शिरोरेघ लांब ओढली. वाळेपर्यंत बसले. एक बाई अंगण झाडत होती, ती केरसुणी हातात घेऊन आली, वाचलं की नाही माहीत नाही, आणि म्हणाली, "आबा न्हाय आलं व्हय आज?"

"आबा दुकानात हायत," मी म्हणाले. "पेंटर मी हाय."

"व्हय का?" म्हणाली आणि झाडायला लागली.

संध्याकाळी परत आले तेव्हा पाटी तशीच होती. रीतीप्रमाणं मी दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुसून नवीन लिहायची. नाही पुसली. आबा दोनदा फडकं घेऊन उठले, मी दोन्ही वेळा फडकं हातातनं काढून घेतलं. तिसऱ्या दिवशीही नाही पुसली. कन्हेरीला गेले, कऱ्हाटीला गेले, पाटीवर काहीच लिहिलं नाही. गिऱ्हाइकं हेलपाटा मारून गेली, शिव्या घालून गेली. चहावाला म्हणाला, "ताई, जुनं झालं ते, पुसा की आता." मी म्हणाले, "राहू दे. वाचू दे सगळ्या बारामतीला."